एकूण सेवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांचे चार मजले आहेत आणि त्यांच्या खाली, जिन्याच्या पोटात, एक लांबट खोली आहे. दारावर 'दृक्-श्राव्य व अध्यापन साधने विभाग' अशी पाटी आहे, पण एवढं नाव पूर्ण उच्चारेपर्यंत तास संपायची वेळ होते, म्हणून सगळे तिला वायरची खोली म्हणतात. प्रोजेक्टर, पडदे, माईक, स्पीकर, कॅसेट वाजवायची यंत्रं, स्लाइड दाखवायची यंत्रं आणि कशाच्या आहेत हे आता कुणालाच न सांगता येणाऱ्या वायरींची तीन कपाटं, असा तिथला संसार. या संसाराचा कर्ता पुरुष म्हणजे सेलकाका.

हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कळायला मार्ग नाही, पण का ठेवलं ते पाच मिनिटांत कळतं. वर्गात नेण्याच्या बिनवायरी माईकमध्ये दोन सेल लागतात. माईक द्यायच्या आधी काका मागचं झाकण उघडतात, दोघांपैकी एका सेलवर बारीक पेनाने एक रेघ मारतात, झाकण लावतात आणि मगच माईक सोडतात. एक तास, एक रेघ. आठ-नऊ रेघा झाल्या की जोडी बदलायची. माईक भर तासात बंद पडला तर शिकवणाऱ्याची लाज जाते आणि पोरं दात काढतात, हे त्यांना ठाऊक. अधिकाऱ्यांना वाटायचं, माणूस कमालीचा चिकट आहे. काका काही बोलायचे नाहीत. खुलासे करत बसणं त्यांच्या जिवावर यायचं.

वापरून मेलेले सेलही ते फेकत नसत. भांडारात नियम होता, जुने जमा करा, नवे घ्या. काकांनी पहिल्या वर्षी जुने सेल नेले तेव्हा भांडारवाला म्हणाला, "जमा झाले. पण ठेवायला जागा नाही. तुमच्याकडेच ठेवा, वर्षअखेरीला उचलू." त्यामुळे कागदावर भांडारात असलेले सेल प्रत्यक्षात वायरच्या खोलीत, बिस्किटांच्या बारा डब्यांत राहायचे. महिन्याला एक डबा, झाकणावर महिन्याचं नाव. वर्ष संपलं की भांडारवाला डबे रिकामे करून नेई.

यातला एकही सेल काकांनी कधी घरी नेला नाही. मेलेला सुद्धा नाही. त्यांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते वर्षातले निम्मे दिवस बंद असायचं.

"माईकमधून काढलेल्या सेलवर घड्याळ आरामात सहा महिने चालतं म्हणे," बायको म्हणायची. ती इस्पितळात परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिला सगळं माहीत असायचं. "एक आणला तर काय विद्यापीठ बुडेल?"

"तो जमा आहे," काका म्हणायचे.

"कुठे जमा आहे?"

"भांडारात."

"आणि आहे कुठे?"

"माझ्याकडे."

यावर ती कपाळाला हात लावायची आणि वेळ विचारायला शेजारी जायची.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ग्रंथालयात नव्या ग्रंथपालबाई आल्या. वय चाळिशीच्या आत, बोलणं मोजकं, आणि प्रत्येक गोष्टीचा आढावा घ्यायची हौस. त्यांनी आधी पुस्तकांचा आढावा घेतला, मग खुर्च्यांचा, मग पंख्यांचा. शेवटी त्यांची नजर जिन्याखाली गेली. 'माध्यम व अध्यापन तंत्रज्ञान सेवांचा वार्षिक आढावा' असा अर्ज संगणकावर आला आणि काकांना सांगण्यात आलं, दोन दिवसांत भरा.

अर्ज भरणं म्हणजे काकांच्या अंगावर काटा. त्यात तो संगणकावरचा. साधनांची स्थिती या रकान्यात दोनच पर्याय होते, चालू किंवा बंद. काकांच्या खोलीत यंत्रांची तिसरी एक अवस्था असते, तिला ते 'रुसलाय' म्हणतात. दुसऱ्या कपाटातला प्रोजेक्टर बंद नव्हता, तो रुसलेला होता. पंधरा मिनिटं आधी लावून ठेवला, डाव्या अंगाला वही सरकवली की निमूट चालायचा. त्याला बंद म्हणणं अन्याय आणि चालू म्हणणं खोटं. काकांनी अर्धा दिवस विचार केला आणि सगळ्या रुसलेल्यांना चालू लिहून टाकलं.

शेवटचा रकाना होता, 'एकूण सेवा'. हा मात्र सोपा. एकतीस वर्षांत काकांनी शंभर अर्ज भरले होते, रजेचे, बढतीचे, बदली रद्द करण्याचे, आणि प्रत्येकात हा रकाना असायचाच. नाव, हुद्दा, एकूण सेवा. त्यांनी टाइप केलं, 'एकतीस वर्षे चार महिने'. संगणकाने ते घेतलं नाही. फक्त आकडा लिहा, म्हणाला. काकांना चार महिने सोडून द्यायचं वाईट वाटलं, पण करतात काय. त्यांनी ३१ लिहिलं आणि अर्ज धाडला.

पंधरा दिवसांनी अहवालाचा मसुदा आला. एक पान होतं. काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 'सदर विभागाने वर्षभरात केवळ एकतीस सेवा दिल्या आहेत. सबब विभाग चालू ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही. साधने भंगारात काढावीत व संबंधित कर्मचाऱ्यास शहराबाहेरील जुन्या कागदपत्रांच्या गोदामात वर्ग करावे. हरकत असल्यास समितीपुढे मांडावी.'

निवृत्तीला आठ महिने उरले होते. गोदामाचं त्यांना एवढं वाटलं नाही. कागदांनाही कुणीतरी सोबत हवीच. लागलं ते 'केवळ' या शब्दाने. केवळ एकतीस. म्हणजे आपण इतकी वर्षं जिन्याखाली बसून नुसत्या माशा मारल्या, असं छापील अक्षरांत लिहिलं होतं, आणि खाली सह्यांसाठी जागा सोडली होती.

संध्याकाळी त्यांनी तो कागद बायकोपुढे ठेवला. तिने ओट्याला टेकून उभ्याउभ्या वाचला.

"एकतीस हा आकडा कुणी दिला?"

"मीच. एकूण सेवा विचारली होती. एकतीस वर्षं आहे ना?"

तिने कागद खाली ठेवला. "अहो, अर्ज विभागाचा आहे की तुमचा? त्यांनी विचारलंय वर्षभरात किती जणांची कामं केलीत. आमच्या वॉर्डात नाही का लिहायचे, मलमपट्ट्या इतक्या, इंजेक्शनं इतकी. वर्षं कशाला विचारतील? त्यांना काय तुमचं लग्न जमवायचंय?"

काका खुर्चीत बसले ते बसलेच. मग म्हणाले, "अगं, मग खरा आकडा किती?"

"ते तुम्हाला माहीत हवं. किती जण येतात रोज?"

"येतात."

"किती?"

"सारखे येतात."

"हे उद्या समितीपुढे बोलू नका म्हणजे झालं," ती म्हणाली, पण आवाज एकदम मऊ झाला होता. नवरा चिकट असेल, घुमा असेल, पण सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सहाला येणारा हा माणूस वर्षात एकतीस कामं करतो, हे तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिने त्या दिवशी घड्याळाचा विषय काढला नाही.

समितीत तिघं होते. ग्रंथपालबाई, लिहून घ्यायला कार्यालयातला एक कारकून आणि अध्यक्ष म्हणून गणिताचे वयस्कर प्राध्यापक. या प्राध्यापकांना पोरं हळू सर म्हणायची. विद्वान माणूस, पण आवाज असा की पहिल्या बाकावरच्यालाही त्यांच्या ओठांकडे बघून गणित सोडवावं लागे. गेली वीस वर्षं ते काकांच्या माईकवर शिकवत होते. विभाग बंद करण्याच्या मसुद्यावर पहिली सही त्यांचीच व्हायची होती, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं, कारण माईक कुठून येतो याचा विचार त्यांनी कधी केलेलाच नव्हता. तो टेबलावर असायचा.

काका गेले ते सवयीने हातात माईक आणि छोटा स्पीकर घेऊनच. हळू सर बोलणार म्हणजे माईक हवा, इतकं साधं. स्पीकर कोपऱ्यात लावला, माईक हातातच धरून उभे राहिले.

"मॅडम, तो एकतीसचा आकडा चुकला," काका म्हणाले. "ती माझी वर्षं आहेत. नोकरीची."

कारकुनाने खाली मान घालून हसू गिळलं. ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज पुढे ओढला, रकाना दोनदा वाचला, कारण तो अर्ज त्यांनीच तयार केला होता.

"ठीक आहे. मग खरा आकडा सांगा, दुरुस्त करू. नोंदवही आहे?"

"बाहेर गेलेल्या यंत्रांची आहे. पण माईक त्याच दिवशी परत येतो, त्याची लिहीत नाही. वर्गात जाऊन काही बघून आलो तर त्याचीही नाही."

"म्हणजे नोंद नाही."

"नाही."

"काका, मला समजतंय. पण नोंदच नसेल तर मी आकडा कुठून आणू? अंदाज लिहून चालणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. अध्यक्ष काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हलले एवढं सगळ्यांना दिसलं.

"सर, जरा माईकवर," बाई म्हणाल्या.

काकांनी माईकचं झाकण उघडलं, खिशातलं पेन काढलं, सेलवर रेघ मारली, झाकण लावलं आणि माईक सरांपुढे ठेवला. घरावर संकट कोसळलं असतं तरी त्यांनी ही रेघ चुकवली नसती.

"हे काय केलंत?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"काय?"

"आत्ता. पेनाने."

"रेघ मारली. एका वेळेला एक. म्हणजे सेल कधी संपणार ते कळतं."

"प्रत्येक वेळेला मारता?"

"हो."

"किती वर्षं?"

"आकडा सांगायची भीती वाटते मॅडम," काका म्हणाले. या वेळी मात्र बाईंना हसू आवरलं नाही. हसता हसताच त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि संपलेले सेल कुठे जातात?"

"भांडारात जमा होतात."

बाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे असतात माझ्याकडेच," काका म्हणाले.

बारा डबे वर आले. वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली गेली आणि पुढचे दोन दिवस विद्यापीठाने असा आढावा पाहिला, जो त्याआधी कधी झाला नव्हता. ग्रंथपालबाई भिंग घेऊन सेल फिरवत होत्या, कारकून आकडे लिहीत होता आणि हळू सर, जे नुसते बसले असते तरी चाललं असतं, बाह्या सरसावून बेरजा करत होते. पहिल्याच डब्यात बाईंना एक शंका आली.

"काका, इथे रेघांच्या मध्ये ठिपके आहेत. हे काय?"

काका घुटमळले. "ते वेगळे. तास सुरू असताना बोलावणं येतं, माईक बिघडला. धावत जावं लागतं. जाऊन बघावं तर बटण दाबलेलं नसतं. मग ठिपका."

"का?"

"त्यात सेलचा दोष नसतो ना. नोंद वेगळी हवी."

"मग हे सेवेत धरायचे का?"

"मॅडम, खरी सेवा तीच," काका म्हणाले. "रेघेला नुसता माईक द्यावा लागतो. ठिपक्याला दोन जिने चढून जावं लागतं, आणि तिथे सगळ्या वर्गासमोर थोडी खुडबुड करून दाखवावी लागते. पटकन बटण दाबून निघून आलं तर शिकवणाऱ्याचं हसं होतं."

काही डब्यांत एकेका सेलवर चार-चार ठिपके होते. हळू सरांनी एक सेल उचलला. त्यावर ठिपक्याशेजारी दालन क्रमांक तीन असं बारीक लिहिलेलं होतं. त्यांनी दुसरा उचलला. तिसरा उचलला. दालन क्रमांक तीनमध्ये वीस वर्षं कोण शिकवत होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"हे ठिपके," सर हळूच म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, "कुणाचे?"

"असतात कुणाकुणाचे," काका म्हणाले आणि वर्तमानपत्राचा कोपरा सरळ करू लागले.

बेरीज झाली चार हजार सहाशे बारा. ती गणिताच्या प्राध्यापकाने दोनदा तपासली होती, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुस्तकांच्या चार मजल्यांपैकी दोन मजल्यांवर वर्षभरात एवढी देवघेव झालेली नव्हती, पण ते बाईंनी अहवालात लिहिलं नाही. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल. 'केवळ' हा शब्द खोडला गेला. विभाग राहिला. कॅसेटची सात यंत्रं आणि स्लाइडची चार भंगारात निघाली, आणि काकांनीही त्यावर सही केली. ती रुसलेली नव्हती, ती गेलेलीच होती. बाईंनी काकांना एक जाडजूड नोंदवही दिली आणि अर्जातला रकाना बदलून 'वर्षभरात दिलेल्या सेवांची संख्या' असा केला. काका नोंदवही भरू लागले. रेघ मारायचंही थांबलं नाही.

आठ महिने भुर्रकन गेले. निवृत्तीचा अर्ज आला. नाव, हुद्दा आणि तिसरा रकाना, एकूण सेवा. या वेळी काका फसणार नव्हते. ते मुद्दाम कारकुनाकडे गेले आणि विचारलं, "एकूण सेवा म्हणजे नक्की काय लिहायचं?" कारकून फायलींत बुडालेला होता. म्हणाला, "जेवढी केलीत तेवढी लिहा की."

काकांनी चार हजार सहाशे बारात नोंदवहीतले तीन हजार सत्त्याऐंशी मिळवले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ७६९९. खाली प्रामाणिकपणे टीप दिली, 'त्याआधीची नोंद उपलब्ध नाही.'

अर्ज मुख्य कार्यालयातून लाल शेऱ्यासह परत आला, 'सात हजार सहाशे नव्व्याण्णव वर्षे सेवा कशी, याचा खुलासा करावा.' ग्रंथपालबाई तो वाचून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. काकांनी आकडा खोडून बत्तीस लिहिलं. खरं सांगायचं तर तो आकडा त्यांना फार किरकोळ वाटला.

निरोपाचा कार्यक्रम वाचनकक्षातच झाला. काकांना पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवलं होतं, शेजारी बायको. बोलायला हळू सर उभे राहिले. माईक काकांनीच सकाळी येऊन तयार ठेवला होता, रेघ मारून. सरांनी माईक तोंडाशी धरला आणि बोलू लागले. ओठ हलत होते. एक मिनिट गेलं. कुणालाच काही ऐकू येईना, आणि कुणाला सांगायचाही धीर होईना.

काका उठले. पुढे गेले, झाकण उघडल्यासारखं केलं, वायरच नसलेल्या माईकची वायर शोधल्यासारखी केली, स्पीकरजवळ जाऊन आले आणि मग अंगठ्याने बटण दाबलं.

"पेन द्या," सर म्हणाले, आणि हे सगळ्या दालनात घुमलं.

काकांनी खिशातलं पेन दिलं. सरांनी झाकण उघडलं, रेघ असलेला सेल बाहेर काढला. त्याबरोबर आवाज गेला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या वयस्कर माणसाने सेल डोळ्यांजवळ धरून रेघेशेजारी एक ठिपका काढला आणि तो काकांच्या हातावर ठेवला. बिनआवाजी माईकमध्ये काय म्हणाले ते फक्त काकांना आणि पहिल्या रांगेतल्या बायकोला ऐकू आलं.

"सगळे माझेच होते. हा जमा करू नका."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. लपवायला हातात दुसरं यंत्र नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने काही न विचारता हात पुढे केला. काकांनी सेल दिला. तिने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, सेल बसवला, शेजारणीला वेळ विचारून काटे लावले. सेकंदाचा काटा जरा अडखळला आणि चालू लागला.

"किती दिवस चालेल?" तिने विचारलं.

काका उठले, घड्याळ तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं.